एकच बीपी, वेगवेगळं हृदय: मग गोळी एकच कशी चालेल?

आजचा विषय बीपीच्या गोळ्यांचा आहे, पण नुसत्या बीपीचा नाही. ज्यांना बीपी आहे आणि सोबत हृदयाचाही काही आजार आहे, म्हणजे स्टेंट बसलाय, पंपिंग कमी आहे, ठोके अनियमित पडतात, व्हॉल्व्हचा त्रास आहे, अशा माणसाची गोळी डॉक्टर कशी ठरवतात ते आज बघूया. ऐकताना औषधांची नावं पटकन निसटून जातात, म्हणून हा सगळा भाग इथे लिहूनही देतोय.

समजा, चाकणच्या एखाद्या कंपनीत एकाच लाईनवर तिघंजण आहेत. तिघांचंही बीपी १५०/९४. पहिल्याला दुसरा काहीच आजार नाही. दुसऱ्याला दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलाय आणि त्याच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय. तिसऱ्याची नाडी मुळातच मिनिटाला ४८ आहे आणि ईसीजीत ब्लॉक दिसतो. आता पहिला म्हणाला, "अरे, मला या गोळीने एकदम बरं वाटलं, तूही हीच घे," तर काय होईल? दुसऱ्याला ती गोळी बहुधा अपुरी पडेल. आणि तिसऱ्याने दुसऱ्याची गोळी घेतली, तर तो मशीनपाशीच चक्कर येऊन पडू शकतो.

आजच्या भागाचं सार एवढंच आहे: बीपीचा आकडा सांगतो की उपचार हवा. कोणता उपचार हवा, ते हृदय सांगतं.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त का अडतो?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या माणसाचा एकच डॉक्टर क्वचित असतो. कंपनीत ओएचसीचे डॉक्टर बीपी तपासतात. ईएसआय कार्ड असेल तर औषधं ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात, मोठं काही असलं तर चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात जावं लागतं. पगार महिना २१,००० रुपयांच्या वर गेला की ईएसआयच्या नियमातून माणूस बाहेर पडतो, मग खासगी डॉक्टर. कुणी वायसीएमला जातो. आणि सणाला गावी गेल्यावर गोळ्या संपल्या, तर तिथला मेडिकलवाला देईल ती स्ट्रिप.

या प्रत्येक ठिकाणी बीपी मोजलं जातं, पण हृदयाची फाईल घरच्या कपाटात असते. शिवाय कंत्राटी कामगाराच्या मनात एक भीती असते: "स्टेंट बसलाय हे सांगितलं आणि मेडिकलमध्ये अनफिट केलं तर?" म्हणून तो फक्त "बीपी आहे" एवढंच सांगतो. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण हृदयाचा आजार लपवला, तर समोरचा डॉक्टर निरोगी हृदय गृहीत धरून गोळी लिहितो. त्याचा धोका नोकरीच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

आधी गोळ्यांची घराणी ओळखूया

ब्रँडची नावं शेकडो आहेत. पण प्रत्येक स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं, आणि त्या नावाच्या शेपटावरून घराणं ओळखता येतं.

शेवटी "प्रिल" असेल, जसं रामिप्रिल, एनालाप्रिल, तर ते एसीई इन्हिबिटर. शेवटी "सार्टन" असेल, जसं टेल्मिसार्टन, लोसार्टन, तर ते एआरबी. दोन्ही घराणी एकाच यंत्रणेवर काम करतात: रक्तवाहिन्या आकसायला लावणाऱ्या संप्रेरकाचा जोर कमी करतात. प्रिलमुळे काहींना कोरडा खोकला लागतो, मग बहुतेक वेळा सार्टन देतात. पण दोन्ही एकत्र घ्यायची नसतात. २००८ साली ऑनटार्गेट नावाचा मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं की रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र दिल्याने फायदा वाढत नाही, किडनीचा त्रास आणि चक्कर मात्र वाढते. गरोदरपणात ही दोन्ही घराणी वर्ज्य आहेत.

शेवटी "डिपिन" असेल, जसं ॲम्लोडिपिन, सिलनिडिपिन, तर ती रक्तवाहिनी सैल करणारी गोळी. काहींच्या पायाला हिने सूज येते. हिची दोन चुलत भावंडं आहेत, डिल्टियाझेम आणि वेरापामिल. ती नाडीही हळू करतात, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा.

शेवटी "लोल" असेल, जसं मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, तर ते बीटा ब्लॉकर. हृदयाचा वेग आणि त्याच्यावरचा ताण कमी करतात. कार्वेडिलॉलही याच घराण्यातलं.

राहिल्या लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्या: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन.

आणखी एक खूण. ब्रँडच्या नावापुढे "एएम" असेल तर बहुतेक वेळा आत ॲम्लोडिपिनही असतं, "एच" असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, "सीटी" असेल तर क्लोरथॅलिडोन. डॉक्टर बदलला, ब्रँड बदलला आणि जुनी स्ट्रिपही चालूच राहिली, तर एकच औषध दोन नावांनी दुप्पट पोटात जातं. म्हणून नवी स्ट्रिप आली की जुनीशेजारी ठेवून मूळ नावं ताडून बघा.

हृदय ठणठणीत असेल तर

मग गणित सोपं आहे. भारत सरकार, आयसीएमआर, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात त्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात सरकारी केंद्रात औषधांचा एक ठरलेला क्रम असतो: एका गोळीने सुरुवात, आकडा उतरला नाही तर डोस वाढवायचा किंवा दुसरी जोडायची. साध्या बीपीसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण तिथे मुख्य काम आकडा खाली आणणं हेच असतं.

पण म्हणूनच साताऱ्याला आईला प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणारी गोळी चाकणला स्टेंट बसलेल्या मुलासाठी पुरेशी असेल असं नाही. आईची गोळी वाईट नाही, मुलाच्या हृदयाची गरज निराळी आहे.

अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट असेल

इथे सहसा प्रिल किंवा सार्टन घराण्याला पहिला मान मिळतो. २००० साली होप नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार किंवा मधुमेहासारखी जोखीम असलेल्या ९,००० हून अधिक लोकांना रामिप्रिल किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण दिखाऊ गोळीवाल्यांत १७.८ टक्के होतं, रामिप्रिलवाल्यांत १४ टक्के. आणि या मंडळींत बरेच जण असे होते ज्यांचं बीपी फारसं वाढलेलंही नव्हतं.

दुसरी गोळी बीटा ब्लॉकर. अटॅकनंतर ती जवळपास प्रत्येकाला दिली जायची. २०२४ मध्ये रिड्यूस-एएमआय हा अभ्यास आला. ज्यांचं पंपिंग अटॅकनंतरही चांगलं होतं, अशा सुमारे ५,००० जणांत बीटा ब्लॉकरने मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. मग चालू असलेली गोळी बंद करायची का? स्वतःहून अजिबात नाही. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका अभ्यासात, चालू असलेली बीटा ब्लॉकर थांबवणं हे चालू ठेवण्याइतकंच सुरक्षित आहे असं सिद्ध झालं नाही. शिवाय ही गोळी एकदम तोडली की नाडी उसळते, छातीत दुखू शकतं, अटॅकही येऊ शकतो. कमी करायची असेल तर डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

चालताना, जिना चढताना छातीत दुखत असेल तर बीटा ब्लॉकर किंवा ॲम्लोडिपिन दोन्ही कामं करतात: बीपीही उतरतं आणि छातीचं दुखणंही कमी होतं.

पंपिंग कमी असेल

टूडी इको केला की रिपोर्टवर "ईएफ" लिहिलेलं असतं. त्यालाच आपण पंपिंग म्हणतो. हे शाळेतले मार्क नव्हेत. ईएफ ६० टक्के म्हणजे ४० टक्के हृदय निकामी, असं नाही. निरोगी हृदयही आत भरलेलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. ४० किंवा त्याखाली गेलं की मात्र हृदय कमजोर धरतात.

इथे औषधांची निवड सगळ्यात काटेकोर असते. प्रिल किंवा सार्टन, किंवा त्यांच्याऐवजी सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन. बीटा ब्लॉकरमध्ये कार्वेडिलॉल, बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट, कारण कमजोर हृदयात आयुष्य वाढवल्याचा भक्कम पुरावा या तिघांचा आहे. नुसतं "लोल" बघून ॲटेनोलॉल घेतलं, तर तो पुरावा त्याला लागू होत नाही. सोबत स्पायरोनोलॅक्टोन किंवा इप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मूळची मधुमेहाची गोळी, जी आता मधुमेह नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात.

काय टाळायचं? डिल्टियाझेम आणि वेरापामिल, कारण ती आधीच थकलेल्या हृदयाचा जोर आणखी कमी करतात. डॉक्सॅझोसिनसारख्या अल्फा ब्लॉकरबाबतही सावध राहतात. अमेरिकेतल्या ऑलहॅट अभ्यासात डॉक्सॅझोसिन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर साधारण दुप्पट दिसलं, आणि २००० साली तो गट थांबवावा लागला. एवढं सगळं देऊनही बीपी वर राहिलं, तर ॲम्लोडिपिन जोडता येते. ती कमजोर हृदयाला ताकद देत नाही, पण अपायही करत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या गोळ्या सुरू झाल्यावर बीपी १०५/७० दिसू लागतं. मग घरचे म्हणतात, "बीपी तर नॉर्मल आहे, आता कशाला गोळ्या?" किंवा दुसरा डॉक्टर फाईल न बघता डोस कमी करतो. मंडळी, इथे गोळी बीपीसाठी नसतेच, हृदयासाठी असते. चक्कर येत नसेल, लघवी नीट होत असेल, तर हे कमी दिसणारं बीपी अनेकदा चालतं. चक्कर येत असेल तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना गाठा. ते वेळा आणि डोस बदलून बघतात.

एक खास इशारा: रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असताना सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन सुरू करायचं झालं तर मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं. नाहीतर चेहरा, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो.

ठोके अनियमित, नाडी हळू, व्हॉल्व्ह, जाड स्नायू

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके बेताल पडतात. नाडी वेगात असेल तर बीटा ब्लॉकर उपयोगी. पंपिंग चांगलं असेल तर डिल्टियाझेम किंवा वेरापामिलही चालतं. या लोकांना रक्त पातळ करणारी गोळी असते, म्हणून बीपी ताब्यात असणं दुहेरी गरजेचं: वाढलेल्या बीपीने पक्षाघाताचा आणि मेंदूत रक्तस्रावाचा, दोन्ही धोके वाढतात. घरच्या मशीनवर यांचे आकडे वरखाली होतात. तीनदा मोजून सरासरी घ्या.

नाडी मुळात हळू असेल किंवा ईसीजीत मोठा ब्लॉक असेल, आणि पेसमेकर नसेल, तर बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, वेरापामिल टाळतात. बीटा ब्लॉकर आणि वेरापामिल ही जोडी तर निरोगी माणसातही नाडी धोकादायक हळू करू शकते. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांतून ही जोडी नकळत जमते.

एओर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झाला असेल तर बीपीची औषधं देता येतात, पण कमी डोसने सुरू करून, जपून वाढवत. काम करताना एकदम डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर व्हॉल्व्हची तपासणी आधी. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही आहेत. त्यांची नाडी हळू ठेवली तर हृदय भरायला वेळ मिळतो, म्हणून तिथे बीटा ब्लॉकर कामाची.

"हृदयाचा स्नायू जाड झालाय" असं रिपोर्टमध्ये असेल तर आधी विचारा, कशामुळे? वर्षानुवर्षं बीपी राहिल्यामुळे असेल तर सार्टन चांगलं. २००२ च्या लाइफ अभ्यासात असे ९,००० हून अधिक लोक होते, आणि लोसार्टन घेणाऱ्यांत ॲटेनोलॉलवाल्यांपेक्षा पक्षाघात सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसला. पण जन्मजात, घराण्यात चालणारा जाडपणा असेल आणि रक्ताची बाहेर पडायची वाटच अडत असेल, तर ॲम्लोडिपिनसारख्या वाहिनी सैल करणाऱ्या गोळ्यांनी तो अडथळा वाढू शकतो. शब्द तोच, "जाड स्नायू", पण गोळी उलटी.

आकडा कुठे आणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण रुग्णाचं लक्ष्य १४०/९० च्या खाली, आणि हृदयविकार असलेल्यांत वरचा आकडा १३० च्या खाली. त्याच सूचना सांगतात की हृदयविकार आधीच असेल तर वरचा आकडा १३० ते १३९ मध्ये असला तरी औषध सुरू करावं. म्हणजे शेजाऱ्याला "अजून गोळी नको" म्हणणारा डॉक्टर तुम्हाला त्याच आकड्यावर गोळी देत असेल, तर तो चुकत नाहीये.

शिफ्ट, घाम आणि पेनकिलर

आता आपल्या पट्ट्यातल्या तीन गोष्टी.

पहिली, वेळ. फर्स्ट, सेकंड, नाईट अशी शिफ्ट फिरते आणि गोळी चुकते. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या टाइम अभ्यासात २१,००० हून जास्त लोकांत सकाळची आणि रात्रीची गोळी यांची तुलना झाली. अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत फरक दिसला नाही. म्हणजे दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर अशी वेळ निवडा जेव्हा तुम्ही तिन्ही शिफ्टमध्ये जागे असता. संध्याकाळी ८ घ्या: फर्स्टला घरी असता, सेकंडला कॅन्टीनच्या सुमारास, नाईटला निघण्याआधी. लघवीची गोळी मात्र अपवाद. लाईन सोडून सारखं जाता येत नाही म्हणून बरेच जण ती गुपचूप गाळतात, आणि चार दिवसांनी पायाला सूज, रात्री धाप. गाळू नका. डॉक्टरांना शिफ्ट सांगा, ते वेळ लावून देतील.

दुसरी, घाम. फाउंड्री, फोर्जिंग, पेंट शॉपचं ओव्हन, त्यात मे महिना. शरीरातलं पाणी घटलेलं असताना लघवीची गोळी आणि सार्टन चालू असेल तर बीपी एकदम पडू शकतं, किडनीवरही ताण येतो. जुलाब-उलट्या झाल्या तर कोणती गोळी तात्पुरती थांबवायची, हे आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. पंपिंग कमी असलेल्यांनी पाणी किती प्यायचं, तेही विचारूनच.

तिसरी, पेनकिलर. दिवसभर उभं राहून कंबर धरते आणि माणूस डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेतो. ही औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि कमजोर हृदय आणखी बिघडवू शकतात. सार्टन, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे त्रिकूट किडनीला फार जड जातं. अधूनमधून दुखलं तर पॅरासिटामॉल सहसा सुरक्षित. पण स्टेंटसाठी दिलेली कमी डोसची ॲस्पिरिन या यादीत येत नाही, ती बंद करू नका. सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, तेही बीपी वाढवतं. आणि सार्टन, प्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर बाजारातलं "लो सोडियम" मीठ विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असतं, ते रक्तात साठलं तर ठोके बिघडतात.

डॉक्टरकडे जाताना

एक कागद करा, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. त्यावर पाच गोष्टी: हृदयाचा कोणता आजार आणि कोणत्या साली, शेवटच्या इकोचा ईएफ, आराम करतानाची नाडी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट, आणि चालू गोळ्यांची मूळ नावं डोससकट. दमा, मधुमेह किंवा पूर्वी कोणत्या गोळीने त्रास झाला असेल तर तेही लिहा. ओएचसी असो, ईएसआय असो की गावचा दवाखाना, आधी हा कागद पुढे करा, मग हात बीपीच्या पट्ट्यात द्या.

आणि नवी गोळी मिळाली की एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर, ही बीपीसाठी आहे की हृदयासाठी?" उत्तर "हृदयासाठी" असेल, तर पुढे आकडा नॉर्मल आला तरी ती गोळी आपण बंद करायची नाही, हे तुम्हाला कायमचं कळलेलं असेल.

छातीत दाब, घाम, धाप, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं यातलं काही झालं तर जिभेखाली बीपीची गोळी ठेवून बघू नका, १०८ ला फोन करा. आणि आज ऐकलेल्या नावांवरून स्वतःची गोळी बदलू नका. फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा तुमच्या हृदयाची हकिगत तुमच्या तोंडी तयार असू द्या.